उन्हाची नको, झडीची काळजी कर

तुला खरं सांगू? नर्सरीवाल्याने कुंडीत खोचलेल्या चिठ्ठीवर एवढा भरवसा ठेवू नको. चिठ्ठ्या या कुंडीतून त्या कुंडीत जातात, पान मात्र आपली ओळख लपवत नाही. तुझे प्रश्न दोन. हे अगेव्ह फिलीफेराच, म्हणजे दोरेवाली घायपातच आहे का, आणि अमरावतीच्या उन्हाळ्यात टिकेल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्याचीच तुला धास्ती आहे. उन्हाळ्यात टिकेल गं. जपायचं आहे ते श्रावणातल्या झडीत.

घायपात तुला परकी नाही. रुळांच्या कडेला, धुऱ्यावर, कुंपणाला आपण लहानपणापासून बघतो. तिचा वाख पानाच्या आत असतो. पान सडवून, खरवडून तो काढावा लागतो, मग दोर वळता येतो. तुझ्या कुंडीतली तिचीच मेक्सिकोतली बहीण, पण हिचे दोरे बाहेर असतात. पानाच्या काठाला एक कडक, पातळ पट्टी असते. कोवळी पानं मधल्या कोंबात एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. पान मोठं होत उघडलं, की ती पट्टी काठापासून सुटते आणि तिचे दोरे होतात. पानावरच्या पांढऱ्या रेघाही तशाच, शेजारच्या पानाने कोंबात दाबून उमटवलेल्या. म्हणून सांगते, ते दोरे ‘खराब झालेत’ म्हणून कातरू नको, ओढू तर मुळीच नको. एकदा तुटले की त्या पानाला परत येत नाहीत.

आता नाव कसं ओळखायचं ते ऐक. कोरफडीशी घोळ होत असेल, तर एखादं खालचं जुनं पान मोडून बघ. कोरफड कट्‌कन मोडते आणि गर सांडते, घायपातीच्या कुळात आतले धागे पान सोडत नाहीत. पुढची खूण काठाची. आपल्या बांधावरच्या मोठ्या घायपातीला काठावर आकड्यासारखे काटे असतात. दोरेवालीला काठावर काटा नसतो, फक्त टोकाला एकच, पण चांगला टोचरा. पांढऱ्या रेघा आहेत आणि दोरा एकही नाही, असं ठेंगणं, जाड पानांचं झाड दिसलं, तर ती व्हिक्टोरी रेजिनी. आणि दोरे आहेत पण पान पातळ, गर नसलेलं, तर तो युक्का असण्याची शक्यता जास्त. युक्का फिलामेंटोसालाही असेच दोरे असतात, आणि विकणारे दोघांना एकाच नावाने खपवतात.

फिलीफेरा आणि शिडिजेरा यांच्यात मात्र भल्याभल्यांची फसगत होते. फिलीफेराचं पान आखूड, साधारण वीतभर, मध्ये रुंद; दोरे बारीक; आणि बुडाशी पिलं काढून ती घोळका करते. शिडिजेराचं पान लांब आणि निमुळतं, दोरे रुंद, चपटे, सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या ढलप्यांसारखे कुरळे, आणि ती बहुधा एकटीच राहते. फिलीफेराचं वर्णन १८३४ साली झालं, शिडिजेराचं त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, आणि पुढे १९९२ मध्ये शिडिजेरा ही फिलीफेराचीच उपजात आहे असंही मांडलं गेलं. अभ्यासकांचंच जिथे एकमत नाही, तिथे तुझ्या नर्सरीवाल्याला दोष देऊन काय करतेस? फोटोवरून तुझं झाड मला शिडिजेरा वाटतं. पण वर्षभर थांब. पिलं निघाली, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

आणखी दोन नावं तुझ्या कानावर येतील. जेमिनिफ्लोरा म्हणजे शंभराहून जास्त सडपातळ, लवचीक पानांचा गोल झुबका. हिला दोरे कधी असतात, कधी नसतातही. आणि पार्व्हिफ्लोरा, तळहातात मावेल एवढी, ठळक पांढऱ्या दोऱ्यांची. ही दिसायला सगळ्यांत देखणी, पण साइटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून उपटलेल्या झाडाचा परदेशी व्यापार बंद. कोणी ऑनलाइन ‘थेट जंगलातलं, जुनं झाड’ म्हणून दाखवलं, तर पुढे बोलूच नको. बियांपासून वाढवलेलं रोप मिळालं तरच घे. लहान रोपाला दोरे कमीच असतात, तेवढ्यावरून फसवलं असं समजू नको.

आता संगोपन. ही झाडं दिवसा पानाची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात, म्हणून कमी पाण्यावर तग धरतात. पण फिलीफेरा मूळची मध्य मेक्सिकोच्या उंच, दगडी उतारांवरची. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि गच्चीचा स्लॅब रात्रीही तापलेला राहतो, ते तिला ठाऊक नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापुरती शेडनेट बांध, कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर ठेव. सकाळचं ऊन मात्र भरपूर हवं, नाहीतर पानं फाकतात आणि झाडाचा घाट बिघडतो. उन्हाळ्यात माती पूर्ण वाळली की संध्याकाळी पाणी, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा.

शेतातली काळी माती कुंडीत घालायचा मोह होईल, तो आवर. कपाशीला ती सोनं आहे, हिला नाही. ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते. दोन भाग जाड रेती आणि मुरूम, एक भाग चाळलेली माती, मूठभर जुनं शेणखत, आणि बुडाच्या भोकावर खापराचा तुकडा. कुंडी मातीचीच घे. मेक्सिकोतही पाऊस पडतो, पण उतारावरून लगेच वाहून जातो. आपल्याकडे झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचतं. मग मधला कोंब कुजतो आणि हलकेच ओढला तरी हातात येतो. तसं होऊ द्यायचं नसेल, तर आभाळ भरून आलं की कुंडी टिनाच्या छपराखाली, वारं खेळेल अशा जागी सरकव, आणि पाणी देऊच नको.

पाण्याचं अजून एक. तुझ्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, ते चालेल. पण एखादं झाड दर्यापूरला सासरी नेशील, तर तिथलं बोअरचं पाणी घालू नको. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. कुंडीच्या काठावर पांढरा थर चढायला लागला की मीठ साठतंय असं समज. पावसाचं पाणी साठवून तेच वापर.

आणि हो, कपाशीवरचा पिठ्या ढेकूण तू ओळखतेस ना? तो या पानांच्या बेचक्यात लपतो आणि पांढऱ्या दोऱ्यांमध्ये दिसत नाही. बोट फिरवून बघ. दोरा काठाला घट्ट असतो, ढेकणाचा कापूस बोटाला पुसला जातो. सापडला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टीप, दोऱ्यांसकट सगळं झाड चोळत बसू नको.

राहिल्या सासूबाई. दारात काटेरी झाड नको म्हणतात, तर वाद घालू नको, दारात ठेवूच नको. घरात रांगतं पोर आहे, आणि टोकाचा काटा खरंच डोळ्याच्या उंचीला येतो. गच्चीच्या कोपऱ्यात ठेव, काट्याचं टोक नेलकटरने जेमतेम छाट, कुंडी बदलताना जाड हातमोजे घाल, कारण रसाने कातडीला खाज सुटते. आणि एखाद्या निवांत दुपारी त्यांना सांग, की त्या देवाला वाहतात तो निशिगंध वनस्पतिशास्त्रज्ञांनी आता याच अगेव्ह प्रजातीत घेतलाय. विश्वास बसणार नाही त्यांचा, पण रागही निवेल.

एकच गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर रडू येणार नाही. बऱ्याच वर्षांनी मधून उंच, न फांदलेला दांडा येईल, माणसाहून उंच, फुलांनी भरलेला, आणि फुलून झालं की ते झाड मरेल. त्यात तुझी चूक नसेल, त्याचा तोच क्रम आहे. तोवर पिलं निघाली तर ती वेगळी लावून ठेव, आणि एक माझ्यासाठी अकोल्याला पाठव. पण दिवाळीनंतर पाठव हं, पावसाळ्यात नको.