ग्रीष्मातील आहारोपदेश : घरचे पान आणि बाहेरचा घास

चैत्र सरू लागला की चिकित्सालयात एक प्रश्न हटकून येतो, "वैद्यराज, उन्हाळा बाधतो आहे, थंड काय घेऊ?" त्यावर आपल्यापैकी अनेकांचे उत्तर ठरलेले असते. ताक प्या, दही खा, उसाचा रस घ्या, बाहेरचे खाणे बंद करा. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींविषयी ग्रंथकारांनी स्पष्ट निषेध वा सावधगिरी सांगितली आहे. चौथी गोष्ट सुट्टीच्या दिवसांत कोणीही पाळत नाही. म्हणून या उपदेशाचा मुळापासून विचार करणे आवश्यक वाटते.

ग्रीष्म हा आदानकालाचा शेवटचा ऋतू. शरीरबल या काळात अवर असते, कफ दिवसेंदिवस क्षीण होतो आणि वायूचा संचय होतो. पित्ताचा संचय वर्षा ऋतूत व प्रकोप शरदात, हे आपण सर्वांनी पाठ केलेले असूनही वैशाखात आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर 'पित्त' असे लिहिले जाते. वाग्भटांनी या ऋतूत मधुर, लघु, स्निग्ध, शीत आणि द्रव अन्न सांगितले आहे. येथे 'शीत' हा शब्द केवळ स्पर्शापुरता घेतला की घोटाळा होतो. फ्रीजमधील दही स्पर्शाला थंड, परंतु वीर्याने उष्ण, पाकाने अम्ल आणि शिवाय गुरु व अभिष्यंदी आहे. वसंत, ग्रीष्म व शरद या तीन ऋतूंत चरकांनी ते निंद्य मानले आहे. मग पाडव्याच्या श्रीखंडाचे काय, असे कोणी विचारील. साखर घालून घोटलेले दही, दुपारच्या जेवणात, सणापुरते एक वाटी, इतपत सवलत द्यायला माझी हरकत नाही. मात्र श्रीखंडाचा डबा आठवडाभर पुरवून खाणे हा सण नव्हे.

ताकाची गोष्ट अधिक गंभीर आहे. सुश्रुतांनी उष्णकाळी, दुर्बलास, क्षतामध्ये, मूर्च्छा, भ्रम, दाह व रक्तपित्त असताना तक्र देऊ नये, असे सांगितले आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे येणारे निम्मे रुग्ण याच वर्णनात बसतात! घोळणा फुटलेल्या मुलाला किंवा मूळव्याधीतून रक्त पडणाऱ्या गृहस्थांना सरसकट "ताक घ्या" म्हणणे योग्य नाही. निरोगी, सवय असलेल्या माणसाने लोणी काढलेले, गोडसर, त्याच दिवशी घुसळलेले पातळ ताक जिरे-धणे पूड घालून दुपारी घ्यावे. सकाळी घुसळून संध्याकाळपर्यंत आंबट झालेले, मीठ-मिरची लावलेले ताक मात्र कोणालाच नको.

मग घरात काय करावे? आपल्या आजीच्या डब्यातले सातूचे पीठ हे संहितेतील सक्तु-मंथाचेच घरगुती रूप आहे. थंड पाणी किंवा दूध, गूळ वा साखर आणि थोडे तूप घालून, फार पातळ नाही व फार घट्ट नाही असे कालवावे. जेवणानंतर, रात्री किंवा अतिप्रमाणात ते घेऊ नये, हा सक्तूचा नियमही सोबत सांगावा. कोकणात उकड्या तांदळाची पेज तूप घालून घेतात. तिच्याइतके लघु आणि द्रव अन्न दुसरे शोधावे लागणार नाही. जुन्या तांदळाचा भात, मुगाचे वरण, दुधी, पडवळ, कोहळा, वर साजूक तूप, आणि हे सर्व त्या त्या वेळी शिजवलेले असावे. सकाळचे वरण रात्री पुन्हा उकळण्याची सवय या ऋतूत विशेष घातक, कारण मे महिन्याच्या उकाड्यात अन्न दोन-तीन तासांतही बिघडते.

कैरी कच्ची असताना वात, पित्त व रक्त दूषित करते, म्हणून ती उकडून, गूळ-वेलची घालून पन्हे करण्याची रीत पडली असावी. ग्रीष्मात लवण वर्ज्य असले तरी दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्या शेतमजुराच्या पन्ह्यात चिमूटभर मीठ अवश्य घालावे. पिकलेला आंबा वातघ्न पण गुरु, त्यामुळे तासभर पाण्यात ठेवलेल्या फळाचा रस तूप आणि किंचित सुंठ घालून घ्यावा. त्यासोबत पुरीपेक्षा पोळी बरी.

आता बाहेरचा घास. सुट्टीत कुटुंब घराबाहेर पडणारच, तेव्हा बंदीपेक्षा निवड शिकवावी. रसवंतीचा रस घ्या. वाग्भट म्हणतात की यंत्राने काढलेला रस मूळ, शेंडा, किडका भाग व मळ यांसह पिळला जातो, काही काळ राहतो आणि म्हणून विदाही, गुरु व विष्टंभी होतो. घुंगरांच्या तालावर फिरणाऱ्या चरकासमोर उभे राहून हे आठवावे! ऊस धुऊन सोललेला, रस डोळ्यांदेखत काढलेला आणि बर्फाशिवाय असेल तर एक पेला चालेल. त्याहून दातांनी चावून खाल्लेले करवे श्रेष्ठ. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचे सांगितले, पण पांढरा दिसणारा प्रत्येक बर्फ खाद्यच असेल असे समजू नये. ताडगोळे, शहाळे, घाटातील करवंदे आणि कोकणातील खाणावळीत ताज्या नारळाच्या दुधाची सोलकढी यांना आडकाठी नको. पुण्यातली आंब्याची मस्तानी मधुर पिकल्या आंब्याची असेल तर दुधाशी विरोध मानण्याचे कारण नाही. मात्र रात्री झणझणीत मिसळीनंतर ती घेणाऱ्याचा अग्नी विचारात घ्यावाच लागेल.

औषधी दुकानदार बंधूंनी गुलकंद व सरबते देताना मधुमेहाची विचारणा अवश्य करावी. अशा ग्राहकास धान्यक हिम (भरडलेले धणे एक भाग, पाणी सहा भाग, रात्रभर भिजवून सकाळी गाळलेले) साखरेविना द्यावा. षडंगपानीयाचे भरड चौसष्टपट पाण्यात उकळून निम्मे उरवायचे, हे पुडीवर लिहून द्यावे. माठातील वाळ्याच्या जुड्या दोन घ्यायला सांगाव्यात. एक पाण्यात असताना दुसरी उन्हात वाळत राहते.

एक गोष्ट मात्र पन्ह्यावर सोपवू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने माणसे दगावली. उन्हातून आलेल्या व्यक्तीचे अंग तापून शरीरताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला असेल, ती असंबद्ध बोलत असेल किंवा झटके येत असतील, तर तोंडावाटे काहीही देऊ नये. सावलीत आणून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.