मेंढ्यांचा वाडा आणि मोकळे भातशेत

दसरा-दिवाळी उलटली की माण, खटाव, फलटण या अवर्षणप्रवण तालुक्यांतील धनगरांचे वाडे घाट उतरू लागतात. वाडा म्हणजे येथे चिरेबंदी घर नव्हे. काही कुटुंबे, त्यांच्या मेंढ्या, घोडी, कुत्री आणि पाठीवरचा संसार मिळून झालेला तो फिरता मुक्काम होय. त्या सुमारास कोकणातील भाताची कापणी आटोपते व रान मोकळे होते. पावसाळ्यापूर्वी वाडे देशावर परततात, कारण कोकणातील ओल मेंढीला मानवत नाही. तिचे खूर कुजतात.

कोकणातील शेतकरी आणि देशावरचा धनगर यांची बोली वेगळी, जेवण वेगळे, घराची कल्पनाही वेगळी. तरीही त्यांचा व्यवहार पिढ्यानपिढ्या कागदाविना चालत आला. रात्री मेंढ्या शेतात बसवावयाच्या, लेंडी व मुतामुळे जमीन कसदार व्हावयाची आणि मोबदल्यात धनगराने धान्य किंवा रोख रक्कम घ्यावयाची. किती मेंढ्या व किती रात्री, हे बोलून ठरते. न बोलता ठरलेले त्याहून अधिक असते. उभ्या पिकाला तोंड लागणार नाही, हे शेतकरी गृहीत धरतो. पाणवठा मोकळा मिळेल, हे धनगर.

शेतकऱ्याच्या लेखी हा खताचा सौदा असतो, तर धनगराच्या लेखी चाऱ्याचा व पोटाचा. दोघांच्या मनातील अर्थ एक असावाच लागतो, असे नाही. दुसरा कसा वागेल याचा अंदाज चुकू नये, एवढे पुरते. परस्परसंबंधांची चर्चा करताना या भेदाकडे सहसा दुर्लक्ष होते.

देशावर हे दोन्ही समाज बारमाही शेजारी असतात. तेथे अशा समजुतीला श्रद्धेचे अस्तर लाभले आहे. जेजुरीच्या खंडोबाची एक पत्नी म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. बाणाईसाठी देवाने धनगराघरी चाकरी पत्करून मेंढ्या राखल्या, अशी लोककथा आहे. गडावर देवाजवळ म्हाळसा आहे. बाणाईचे देऊळ मात्र डोंगराच्या अर्ध्या वाटेवर. नाते जुळले, पण चुली वेगळ्याच राहिल्या! धनगरांच्या दैवतांचा सखोल अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी या कथांकडे समाजांमधील संबंधांच्या अंगाने पाहिले.

रासायनिक खत आले, पाटपाण्याने दुबार पीक घेता येऊ लागले, कोकणात आंबा-काजूच्या बागा वाढल्या, वनीकरणासाठी रान बंद झाले. ज्या शेतकऱ्याला लेंडीखताची गरज उरली नाही, त्याच्या दृष्टीने तोच कळप उपद्रवी ठरतो. धनगर मात्र जुन्याच अपेक्षेने येतो आणि तंटा उद्भवतो. यात दोघांपैकी एकाला अप्रामाणिक ठरवणे अन्यायाचे होईल. करार एकाच बाजूने संपला आहे, आणि तो मुळातच लिहिलेला नसल्याने संपल्याची नोटीसही कोणी दिलेली नाही.

2017 मध्ये सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत 20 मेंढ्या व 1 नर असा गट अनुदानावर देण्याची तरतूद झाली. कळप त्यामुळे उभा राहतो. तो रात्री कोणाच्या शेतात बसवावयाचा, हे आजही बांधावरच, दोघांच्या बोलण्यातून ठरते.