ब्रेकचे पेडल खाली बसू लागले तर काय पाहावे?



हंगाम सुरू झाला की घाटाखालच्या सभासदांची घाटावर ये-जा वाढते. वैभववाडीकडचा ऊस करूळ नाहीतर भुईबावडा घाट चढून गगनबावड्याकडे येतो, आणि उसामागून सभासदही येतो. कुणी फोंडा घाटाने, कुणी आंबोलीने. येताना चढ असतो, त्यामुळे ब्रेकची परीक्षा होत नाही. ती होते परतीच्या वाटेवर, आणि बहुधा अंधार पडल्यावर. म्हणून ब्रेकच्या एका दोषाबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे. पेडल दाबून धरले असता ते पायाखाली हळूहळू बसत जाते, असा हा दोष. जुन्या जीप, मारुती ८००, सुमो, बोलेरो अशा गाड्या आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांत हा वारंवार दिसतो. यावरचे नेहमीचे उत्तरही ठरलेले आहे: “दोन-तीन येळा दाबलो काय लागता मरे, काय्येक होवचा नाय!” सपाट रस्त्यावर हे खरे ठरते. घाटाच्या वळणावर दोन-तीन वेळा दाबायला तेवढी जागा मिळेलच असे नाही.

प्रथम हे काम चालते कसे ते पाहू. आपल्या कारखान्यात उसाच्या गिरणीचा वरचा रोलर तेलाच्या दाबाने खाली दाबून धरलेला असतो, हे अनेकांनी पाहिले असेल. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. गिरणीचा रोलर आणि गाडीचा ब्रेक दोन्ही त्याच नियमावर चालतात. गाडीसाठी अशा ब्रेकचे पेटंट अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७ साली घेतले आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीला चारही चाकांना तसे ब्रेक आले.

समजा, पायाने २० किलोचा जोर दिला. पेडलची तरफ तो पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो. दट्ट्याचे तोंड ३ चौरस सेंटिमीटर असेल तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला ३३ किलो दाब तयार होतो. पुढच्या डिस्कचा दट्ट्या २० चौरस सेंटिमीटरचा असेल तर पॅडवर ६६० किलोचा जोर येतो. हा झाला फायदा. आता दुसरी बाजू पाहा. पेडल पंधरा सेंटिमीटर खाली गेले तर दट्ट्या जेमतेम तीन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे सगळे मिळून तेल सरकते नऊ घनसेंटिमीटर, दोन लहान चमचे! एवढ्यावर साऱ्या गाडीचा ब्रेक अवलंबून. त्यातले चमचाभर कुठे निसटले तर पेडल अर्ध्यावर येणारच. “थोडेसेच गळते” या बोलण्याला इथे काही अर्थ उरत नाही.

पेडल खाली जाण्याचे चार प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करून टाकतात. पेडल खाली जाते पण दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होते, हा बहुधा मागच्या ड्रममधले लायनर झिजून अंतर वाढल्याचा प्रकार. हॅण्डब्रेक दोन-तीन दाते ओढून पेडल दाबून बघा. ते वरच्या वर लागले तर दोष मागच्या चाकांच्या ॲडजस्टमेंटचा. पेडल फुग्यासारखे लिबलिबीत लागते, तर तेलात हवा शिरली आहे. पेडल एकदम अर्ध्यावर जाऊन तिथे घट्ट होते, तर दोन कप्प्यांच्या सिलिंडरमधला एक कप्पा गेला. जुन्या जीपगाड्यांत कप्पा एकच, तिथे नळी फुटली की सगळाच ब्रेक गेला. चौथा प्रकार आपल्या विषयाचा: पेडल घट्ट लागते, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू पाताळात जाते.

याची खात्री घरच्या खळ्यात करता येते. गाडी सपाटीवर घ्या, चाकांना दोन्हीकडून दगड लावा, इंजिन बंद ठेवा. पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा म्हणजे बूस्टरमधला उरलेला जोर संपेल. मग पाय ठेवून एक मिनिट धरा. आधी जोराने आणि नंतर अगदी हलक्या पायाने, दोन्ही करून बघावे. झिजलेला रबरी कप जोराच्या दाबाने पसरून भिंतीला चिकटतो आणि पेडल धरतो; हलक्या दाबाला मात्र तेल त्याच्या कडेने मागे सुटते. नुसते जोराने दाबून “ठीक आहे” म्हणणारे फसतात ते इथेच. यानंतर पेडल धरून ठेवूनच इंजिन चालू करा. ते किंचित खाली जाऊन थांबले तर घाबरू नका. बूस्टर काम करू लागला, एवढाच त्याचा अर्थ. न थांबता बसतच गेले तर दोष आहे.

आता तेल जाते कुठे हे शोधायचे. डबीतल्या तेलाच्या पातळीवर खडूने रेघ ओढा आणि रोज पाहा. लायनर, पॅड झिजतील तशी पातळी महिनोन्महिने सावकाश उतरते, ते चालायचेच. आठवड्यात उतरली तर गळती आहे.

गळती शोधताना चारही चाकांच्या आतल्या बाजू पाहाव्यात, ड्रमच्या खालच्या कडेला बोट फिरवावे. बोटाला ओल लागली म्हणजे ब्रेक ऑईलच असे नाही. मागच्या चाकात ॲक्सलचे तेलही सुटते. ओळख सोपी आहे: थेंबभर पेल्यातल्या पाण्यात टाका. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जाते, ॲक्सलचे तेल वर तरंगते. मग रबरी होज पाहा, त्यांना भेगा किंवा फुगवटा आहे का. त्यानंतर लोखंडी नळ्या. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या गाड्यांची खरी दुखणी इथे असतात. खाऱ्या वाऱ्याने आणि वाळूने नळीला गंज चढतो, आणि तोही दिसणाऱ्या भागावर कमी. जिथे पट्टीखाली माती धरून बसते तिथे जास्त. पट्टी सोडवून तिथली नळी कापडाने पुसून पाहिल्याशिवाय नळ्या चांगल्या आहेत असे म्हणू नये.

सगळे कोरडे आणि तरी पातळी उतरते, असेही होते. अशा वेळी तेल मास्टर सिलिंडरच्या मागच्या तोंडातून बूस्टरमध्ये जात असते. बाहेर थेंब पडत नाही. बूस्टर नसलेल्या जुन्या गाडीत तेच तेल पेडलच्या दांडीवरून ड्रायव्हरच्या पायाशी उतरते.

आणि पातळी जराही उतरत नाही, कुठे ओल नाही, तरी पेडल बसते. तर मास्टर सिलिंडरच्या आतला कप गेला असे समजावे. आंब्यावर फवारणी करणाऱ्यांना हे सांगायला नको. फूट पंपाचा वायसर झिजला की कितीही पाय मारा, प्रेशर धरत नाही, आणि औषध तर बाहेर कुठे सांडत नाही. ते आतल्या आत मागे येते. ब्रेकमध्ये नेमके तेच घडते.

कप का जातो, हेही पाहू. ब्रेक ऑईल हवेतला दमटपणा शोषते. आपल्याकडच्या हवेत तर काही विचारू नका! डॉट ३ प्रतीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना सारखा पाय ठेवला तर चाकाजवळचे तेल एवढे तापू शकते. ते उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला टेकते. शिवाय तेच पाणी सिलिंडरला आतून गंजवते. जून ते सप्टेंबर गाडी मांगरात उभी ठेवतात तेव्हा दट्ट्या एकाच जागी राहतो, पुढची भिंत गंजते, आणि दिवाळीला गाडी काढल्यावर कप त्या गंजावरून घासतो. सबब तेल दर दोन वर्षांनी बदलावे, मग ते डोळ्यांना स्वच्छ का दिसेना.

दुरुस्तीपैकी घरी काय करावे? तेल बदलणे, हवा काढणे, ड्रम ॲडजस्ट करणे, आणि हात बसलेला असेल तर व्हील सिलिंडर बदलणे. व्हील सिलिंडर एका बाजूचा गळला तरी दोन्ही बाजूंचे बदलावेत. तेलाने भिजलेले लायनर कानस मारून किंवा जाळून परत वापरतात, ते करू नये. आतून तेल सुटतच राहते आणि गाडी एका बाजूला ओढते. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असते, ओल्या फडक्याने पुसा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये, भक्कम घोडे लावावेत.

मास्टर सिलिंडरला नुसते किट टाकावे की अख्खा बदलावा, यावर मेकॅनिकांत नेहमी वाद असतो. आतली भिंत आरशासारखी असेल तर किट चालते. नखाला खड्डा लागला तर किट म्हणजे पैसे पाण्यात. किनाऱ्याजवळच्या गाडीला मी अख्खा सिलिंडरच बदला म्हणेन. उसाच्या बिलातून जातील ते एकदाच. नवा सिलिंडर गाडीला लावण्यापूर्वी शेगड्यात धरून तेल भरावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत दट्ट्या सावकाश आत-बाहेर करावा, नाहीतर नंतर हवा निघता निघत नाही.

हवा काढायला दोन माणसे हवीत. पेडलवर लहान मूल बसवू नका. ऐकून काम करणारा मोठा माणूस हवा. सर्वसाधारणपणे सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्या गाड्यांत मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. मग मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. काही गाड्यांचा क्रम निराळा असतो, तो त्यांच्या पुस्तकात पाहावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवा. पेडलवरचा सावकाश दाबून “दाबले” म्हणेल, तेव्हा तुम्ही निपल अर्धा फेरा सैल करा. तेल आले की निपल आवळा, मगच त्याने पाय सोडावा. हा क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा पुन्हा आत. डबी मध्ये रिकामी होऊ देऊ नका.

यात एक गोष्ट फार थोडे लोक पाळतात. सिलिंडर जुनाच असेल तर हवा काढताना पेडल तळापर्यंत नेऊ नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरात दट्ट्या जिथपर्यंत जात नाही तिथे गंजाची कड असते. पेडल तळाला नेले की चांगला कप तिच्यावरून जाऊन फाटतो. “काल हवा काढली आणि आज पेडल बसायला लागले” ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते, आणि दोष मात्र नव्या तेलाच्या माथी मारला जातो.

डबीवर लिहिलेल्या प्रतीचेच तेल घालावे. इंजिन ऑईल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही नको. त्याने सगळी रबरे फुगतात आणि सगळीच बदलावी लागतात. तेल तोंडाने नळी ओढून काढू नये, ते विषारी आहे. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. उघडी राहिलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.

एबीएस असलेल्या नव्या गाड्यांचे काम घरी करू नका, काहींची हवा यंत्र जोडल्याशिवाय पूर्ण निघत नाही. बूस्टरही घरी खोलायची वस्तू नव्हे. ट्रकच्या हवेच्या ब्रेकला यातले काहीच लागू नाही.

काम झाल्यावर आधी खळ्यात, माणसाच्या चालीने गाडी चालवून ब्रेक मारावा. मग गावच्या सपाट रस्त्यावर. दोन दिवसांनी सगळ्या जोडांना पुन्हा बोट लावून पाहावे. त्यानंतरच घाट.

तरीही घाट उतरताना पेडल बसलेच तर पाय भराभर मारत राहा, एकेक करून खालचे गिअर टाका, हॅण्डब्रेक बटण दाबून ठेवून थोडा थोडा ओढा. तो तारेवर चालतो, त्याला तेल लागत नाही. गाडी डोंगराच्या अंगाला गटाराकडे घ्या. न्यूट्रल करू नका आणि इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झाले की त्याचा आवरही जातो आणि बूस्टरही. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत. ती पाळली तर ब्रेक तापण्याची वेळ सहसा येत नाही.

तेल बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावी. गाडी विकली तरी ती पुढच्या मालकाच्या उपयोगी पडते.