जामसांवली : स्थलपरिचय

मध्यप्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, नागपूरहून सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर अंतरावर, सौंसरजवळ जामसांवली हे लहानसे गाव वसले आहे. जाम आणि सर्पा या नद्यांचा येथे संगम होतो. गावाच्या नावात जाम नदी आहेच. पुढचा शब्द मराठी मुखात ‘सावळी’ असा ऐकू येतो. हिंदी लेखनात ळकार रूढ नसल्यामुळे कागदावर सावळीची सांवली होते. माझी मातृभाषा कोकणी. तिच्यातही ळकार असल्याने हा फरक माझ्या कानास चटकन जाणवतो.

गावाची कीर्ती आहे ती पिंपळाखालील हनुमंतामुळे. ही मूर्ती उभी नसून पहुडलेली आहे. असा मारुती विरळाच. खुलताबादचा भद्रा मारुती आणि प्रयागच्या संगमाजवळचा हनुमान एवढे दोन सहज आठवतात. मूर्ती पूर्वी उभी होती, परंतु खाली पुरलेले धन चोरांच्या हाती लागू नये म्हणून देवाने त्यावर अंग टाकले, अशी कथा सांगतात. कथा म्हणजे इतिहास नव्हे. तथापि ती रचणाऱ्यांस लुटारूंचे भय ठाऊक असावे, असे वाटते.

इतिहास पाहू गेल्यास गाव जागचे हलले नाही, राज्ये मात्र बदलत गेली. प्रथम हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता. त्याच घराण्यातील बख्त बुलंदाने नागपूर वसविले. अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य आपल्या हाती घेतले. पुढे १८५४ साली इंग्रजांनी नागपूर संस्थान खालसा केले व १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. १९५६ पर्यंत या लोकांची राजधानी नागपूरच होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. घरात मराठी बोलणाऱ्या कित्येक कुटुंबांस राजधानी म्हणून दूरचे भोपाळ आले. सोयरीक, बाजार, दवाखाना यांसाठी मात्र वाट नागपूरचीच राहिली.

ऑगस्ट २०२३ मध्ये येथे ‘हनुमान लोक’ या योजनेचे भूमिपूजन झाले आणि ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे पणजोबांच्या कागदांत ‘मध्यप्रांत-वऱ्हाड’, वडिलांच्या कागदांत ‘छिंदवाडा’ आणि मुलाच्या परीक्षेच्या अर्जावर ‘पांढुर्णा’, असा एकाच घराचा पत्ता तीन प्रकारे लिहिलेला आढळू शकतो.