पिकलबॉलचे ‘किचन’

प्रश्न : बॅडमिंटनच्या कोर्टवर पिकलबॉल खेळताना ‘किचन’चा नियम कसा लावायचा? – एक वाचक, विजयदुर्ग

उत्तर : मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी भारतात आणलेल्या या खेळाचे कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच असते, ४४ बाय २० फूट. जाळी मात्र खाली घ्यावी लागते : कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४. जाळीच्या दोन्ही बाजूंचा ७ फुटी पट्टा म्हणजे किचन. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस रेषा साडेसहा फुटांवर असल्याने किचनची रेषा ६ इंच मागे नव्याने आखावी.

किचनमध्ये उभे राहायला बंदी नाही. तिथून टप्पा न पडलेला चेंडू मारायला, म्हणजे व्हॉलीला आहे. रेषाही किचनचाच भाग. भांडणे होतात ती तोल गेल्यावर. बाहेरून व्हॉली मारली आणि त्याच झोकात पाऊल रेषेवर पडले, तर तोवर चेंडू खेळातून बाद झालेला असला तरी तो फॉल्टच. टप्पा पडलेला चेंडू खुशाल आत जाऊन मारावा.

सर्व्हिस खालून, तिरकस समोरच्या चौकात. किचनच्या रेषेला लागली तरी बाद. त्यानंतर दोन्ही बाजूंनी एकेक टप्पा पडू द्यायचा, मगच व्हॉली. पारंपरिक पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. डाव ११ गुणांचा, आघाडी २ची हवी.

खाडीकाठच्या वाऱ्यात बारीक छिद्रांचा, मैदानी खेळासाठीचा चेंडू घ्यावा. मोठ्या छिद्रांचा बंदिस्त हॉलसाठीचा चेंडू वाऱ्याने भरकटतो.