खानदेशचा वनपिंगळा : एका चिठ्ठीची चिकित्सा

इतिहासाच्या अभ्यासात कागद हाती आला म्हणजे पुरावा हाती आला, असे होत नाही. तो कोणाचा, कोठला व केव्हाचा हे आधी तपासावे लागते. बनावट सनदा आणि रचलेल्या वंशावळी आपल्या परिचयाच्या आहेत. परंतु एका खोट्या चिठ्ठीमुळे एका जिवंत पक्ष्याचा शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला, आणि तो पक्षी आपल्या खानदेशातला होता, ही हकीकत आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

हा पक्षी म्हणजे वनपिंगळा. लांबी अवघी सुमारे २३ सेंटिमीटर. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडच्या भागात त्याचा पहिला नमुना मिळविला. पुढच्याच वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. हेच ह्यूम पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत झाले.

त्यानंतर खानदेशात मुलकी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादे-तळोदे भागात त्याचे नमुने गोळा केले. त्या काळी नमुना म्हणजे पक्षी मारून, कातडे सोलून, आत कापूस भरून ठेवणे. त्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधीत. स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव एवढाच तिच्यावरचा मजकूर असे. डेव्हिडसन यांचा शेवटचा नमुना १८८४ चा आहे. जगातील सर्व संग्रहालये मिळून या पक्ष्याचे अस्सल नमुने सातच होते. १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने दिसला नाही.

अपवाद होता तो एका चिठ्ठीचा. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक वनपिंगळा होता. हा नमुना आपण १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे, म्हणजे आजच्या गुजरातेत, मिळविला असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. ही सर्वांत अलीकडची नोंद, म्हणून अभ्यासकांनी तिच्यावर भिस्त ठेवून त्या भागात शोध घेतला. हाती काही लागले नाही. मधल्या काळात वनपिंगळा म्हणून पुढे आलेले छायाचित्रही नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचे ठरले. पक्षी बहुधा नामशेष झाला असावा, असे मत बळावत गेले.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी प्रश्न उलट बाजूने हाताळला. पक्षी शोधण्यापूर्वी त्यांनी चिठ्ठ्या तपासल्या. नायजेल कॉलर यांच्यासह त्यांनी संग्रहालयांतील नमुन्यांचा कसून अभ्यास केला. क्ष-किरणांच्या साहाय्याने कातडी भरण्याची पद्धतही पाहिली. जसे हस्ताक्षर तसा हा हात. प्रत्येक संग्राहकाचा वेगळा. मांडवीच्या नमुन्यात माइनर्ट्झहागेनचा नव्हे, तर डेव्हिडसन यांचा हात दिसला. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला खानदेशचा नमुना पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

खोटी नोंद बाजूला सारताच शोधाची दिशा बदलली. अस्सल चिठ्ठ्यांवरील स्थळेच खरी मानून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले. प्रथम पूर्वेकडील जुनी स्थळे पाहिली. तेथे निराशा झाली. मग ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी किंग यांना एका निष्पर्ण झाडावर पिंगळा दिसला. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. तेव्हा शहादे धुळे जिल्ह्यातच होते. ११३ वर्षांनी पक्षी भेटला, तो डेव्हिडसन यांनी सांगितलेल्या मुलखातच!

या वेळी बंदूक चालली नाही. चित्रीकरण झाले, छायाचित्रे घेतली गेली, तोच पुरावा. मात्र छायाचित्र निर्णायक ठरण्यासाठी त्यात योग्य खुणा दिसाव्या लागतात. ठिपकेवाल्या पिंगळ्याचे डोके ठिपक्यांनी भरलेले असते. वनपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. त्याचे पोट पांढरे, पंख व शेपटीवरील पट्टे रुंद, चोच मोठी आणि पाय भक्कम असतात. शिवाय तो दिवसाही शिकार करतो. सरडे, उंदीर हे त्याचे भक्ष्य.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ, यावल व मेळघाट येथे त्याचे वास्तव्य नोंदविले. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. २०१८ मध्ये त्याची जागतिक वर्गवारी 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' अशी बदलली. नवी ठिकाणे सापडली म्हणून हे घडले. संकट टळले म्हणून नव्हे. साग-सालईचे विरळ रान तुटते आहे, ढोलीची जुनी झाडे सरपणात जातात, आणि पिंगळ्याभोवतीच्या जादूटोण्याच्या समजुतींपायी पक्षी मारलाही जातो.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला वारंवार बोलाविणे, ढोलीजवळ गर्दी करणे यांमुळे त्याची वीण बिघडू शकते. येथे एक पेच उभा राहतो. स्थळाची खरी नोंद नसेल तर पक्षी हरवतो. तीच नोंद चव्हाट्यावर आली तर त्याचे घरटे धोक्यात येते. माझ्या मते मार्ग असा : स्थळ, दिनांक, वेळ, झाड हे सारे आपल्या वहीत अचूक लिहावे, अभ्यासकांना व वनखात्याला कळवावे, घरट्याचा पत्ता मात्र लोकांत मिरवू नये.

ही शिस्त केवळ पिंगळ्यापुरती नाही. डेव्हिडसन यांनीच पुढे उत्तर कानडा जिल्ह्यात बेल व एटकिन यांच्यासह फुलपाखरांचा अभ्यास केला. आपल्या बाभळी-बोरींवर बागडणारी नखाएवढी निळी फुलपाखरे एकमेकांसारखीच दिसतात. मिटलेल्या पंखांची खालची बाजू आणि जवळचे झाड टिपले तरच त्यांची ओळख पटण्याची आशा असते. त्यासाठी कलाशाखेचा विद्यार्थी असणे आड येत नाही. प्रामाणिक नोंद करणे आणि दुसऱ्याची नोंद पारखून घेणे हे तर आपल्याच शाखेचे शिक्षण आहे. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीवर खानदेशातल्या स्थळाचे नाव खरे होते, म्हणून शतकानंतरही पक्षी सापडला. आपल्या वहीतली नोंदही तितकीच खरी असावी, एवढीच अपेक्षा.