डोंगरउतारावरील शेती : एक परिसरपाठ



कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. त्याच्या पायथ्याशी अकोले तालुक्यातील बारी हे गाव आहे. काही वर्षांपूर्वी त्या परिसरातील एका शाळेची मुले घेऊन मी शिखरावर गेलो. वेळ थोडा, म्हणून वाटेतील शेतांजवळ कोणासही थांबू दिले नाही. परतल्यावर मुलांनी लोखंडी शिड्यांचे व वाऱ्याचे वर्णन लिहिले. एका शेतकऱ्याच्या मुलाने मात्र एवढेच लिहिले : ‘आमच्या गावात पाहण्यासारखे काही नाही.’ हा दोष त्या मुलाचा नव्हता, माझा होता. पुढील वर्षी जूनच्या अखेरीस, उघडीप पाहून आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस शिखर वगळले. त्या अनुभवावरून पुढील सूचना करीत आहे.

१. काय पाहावे : खालच्या अंगास भातखाचरे असतात. दगडी बांध माती व पाणी कसे अडवतो, वरच्या खाचरातील जादा पाणी खालच्या खाचरात कसे उतरते, हे दाखवावे. चढ वाढतो तशी खाचरे अरुंद होतात. मुलांनी ती पावलांनी मोजावीत. वरच्या वरकस जमिनीत बहुधा प्रथम नागली, मग वरई, मग खुरासणी घेतात व नंतर काही वर्षे जमीन पडीक ठेवतात. या विश्रांतीचे कारण मुलांकडूनच काढून घ्यावे.

२. कोणी सांगावे : त्या दिवशी शिक्षकाने विद्यार्थी व्हावे. राबाविषयी मुलांनी विचारले, तेव्हा त्याच मुलाचे वडील पुढे आले. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण व गवत पसरून रोपवाटिकेची जागा भाजतात, हे सांगून ते म्हणाले, “गुरुजी, राब भाजला नाही, तर रोपाआधी तणच उठतं.” भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होऊन रोप सहज उपटता येते. मुलगा वडिलांकडे पाहतच राहिला.

३. वर्गातील काम : राबासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात व मातीतील सेंद्रिय अंशही जळतो. यास्तव ‘गादीवाफ्यावर रोपे करता येतील काय?’ या प्रश्नावर चर्चा घ्यावी. शेतकऱ्यास अडाणी ठरवू नये. तसेच जुने म्हणून सारेच निर्दोष, असेही शिकवू नये. दोन्ही बाजू मुलांनी वहीत मांडाव्यात.

४. दक्षता : पालकांची संमती घ्यावी. जोराच्या पावसात ओढा ओलांडू नये. शेतकऱ्याची परवानगी घेऊन बांधावरूनच चालावे; रोपात पाय पडू देऊ नये.

त्या मुलाने या वेळी पानभर निबंध लिहिला. शीर्षक होते, ‘आमचा राब’. आपल्या घरच्या श्रमात ज्ञान आहे, हे ज्या मुलास शाळेत कळते, त्यास शाळा परकी वाटत नाही. आपल्या गावी डोंगर नसेल, तर मळा, कुंभारवाडा वा नदीकाठ निवडावा. पाठाची रीत हीच ठेवावी.